तेरा-शून्य-पंचेचाळीस : एका पोत्यामागचं वाळवंट

हा भाग ज्यांनी आधीच ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना बसमध्ये हेडफोन न लावता नुसतं वाचायचंय त्यांच्यासाठी, हे लिखित रूप. स्पॅनिश नावं ऐकताना कानावरून जातात अशी तक्रार आली होती, म्हणून ती इथे नीट लिहिलीत. बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

गेल्या जूनमध्ये मी गावी गेलो होतो. आमचं गाव तासगाव तालुक्यात. उसाच्या मोठ्या बांधणीला काकांना युरियाची चार पोती हवी होती, म्हणून त्यांच्याबरोबर कृषी सेवा केंद्रात गेलो. काकांनी पॉस मशीनवर अंगठा टेकवला. दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. मग दुकानदार म्हणाला, "तात्या, युरिया देतो, पण याच्यासंगं हे एक पोतं न्यावं लागंल."

हे म्हणजे २५ किलोचं पांढरं पोतं. त्यावर मोठ्या आकड्यांत १३:०:४५.

काका म्हणाले, "आरं, द्राक्षबाग काढून तीन वर्षं झाली. मला तेरा-शून्य-पंचेचाळीस कशाला? उसाला अत्तर लावू व्हय?"

दुकानदार हसला. पोतं मात्र गाडीत आलंच. ज्यांचं गावाशी नातं सुटलंय त्यांच्यासाठी सांगतो, याला लिंकिंग म्हणतात. जे खत हवंय, ज्याची किंमत सरकारने बांधून दिलीय, ते मिळवायचं तर जे नकोय, ज्याची किंमत मोकळी आहे, तेही घ्यायचं. असं करणं नियमात बसत नाही. तरी होतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे. त्या पांढऱ्या पोत्याला काकांनी त्याच्या कितीतरी पट पैसे मोजले आणि घरी येऊन ते गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

रात्री मी मोबाईलच्या उजेडात त्या पोत्यावरचं बारीक अक्षर वाचलं. पोटॅशियम नायट्रेट. मी कॉम्प्युटरवाला माणूस. बीटेकला केमिस्ट्री फक्त पहिल्या वर्षी होती आणि पेपर दिला त्याच दिवशी ती डोक्यातून गेली. पण शोधता शोधता कळलं की हे आपलं जुनं ओळखीचं आहे. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोरा. तोफेच्या दारूतला सोरा! गंधक, कोळसा आणि सोरा, त्यातला हा मोठा वाटेकरी. आणि याच नायट्रेटसाठी, अगदी खत म्हणूनच, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तीन देशांचं युद्ध झालं होतं. ती गोष्ट आज सांगायचीय.

आधी थोडं विज्ञान, लवकर आटपतो. पिकाला नत्र लागतं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण ते पिकाला घेता येत नाही, कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की त्यांना सोडवायला प्रचंड ताकद लागते. वीज चमकली की थोडं सुटतं. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू सोडवतात. बाकी हजारो वर्षं शेतकऱ्याच्या हातात होतं ते शेणखत, लेंडीखत आणि पिकांची फेरपालट. जिवाणू शेणातलं नत्र हळूहळू नायट्रेटमध्ये बदलतात आणि ते पाण्यात विरघळून मुळांत शिरतं. युरियाचंही जमिनीत शेवटी तेच होतं.

'विरघळतं' हा शब्द लक्षात ठेवा. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं, म्हणूनच ते पिकाला पटकन लागू पडतं. आणि म्हणूनच ते निसर्गात कुठे साठून राहत नाही. पहिल्या पावसात वाहून जातं. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो बघा, पांढरी पावडर धरते, त्यात थोडं नायट्रेट असू शकतं. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक अशीच खारट माती खरवडून, धुऊन, उकळून सोरा काढायचे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पाटण्याचा हा सोरा भरभरून युरोपात न्यायची. युरोपातल्या लढायांत उडालेल्या तोफांमध्ये बिहारची माती होती म्हणा ना. पण तो शेतात टाकायला कुणाला परवडणार? तो बंदुकीसाठी.

मग शेतात टाकण्याएवढं नायट्रेट सापडेल कुठे? जिथे पाऊसच पडत नाही तिथे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आटाकामा नावाचं वाळवंट आहे. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर, आणि मधे जगातली सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. काही ठिकाणी वर्षानुवर्षं पावसाचा थेंब नाही. तिथे जमिनीच्या वरच्या थरातच एक टणक खारट दगड सापडतो. त्याला तिथे कलीचे म्हणतात. त्यात सोडियम नायट्रेट असतं. आपल्या सोऱ्याचा हा सख्खा भाऊ. पोटॅशियमच्या जागी सोडियम, एवढाच फरक. लाखो वर्षांत जमलेलं, आणि धुऊन न्यायला पाणीच नाही म्हणून तिथेच राहिलेलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपच्या शेतांना पेरूजवळच्या बेटांवरचं ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर, पुरत होतं. ते डोंगर खणून संपत आले. ती खणायला नेलेल्या चिनी मजुरांचे हाल ही एक स्वतंत्र आणि भयंकर गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळा भाग लागेल. तर ग्वानो संपत आलं आणि सगळ्यांच्या नजरा वाळवंटाकडे वळल्या. शिवाय १८५७ मध्ये अमेरिकेत लॅमॉट ड्यू पाँट याने सोडियम नायट्रेट वापरून सुरुंगाची दारू बनवायचं पेटंट घेतलं. म्हणजे गव्हाच्या शेताला आणि खाणीतल्या सुरुंगाला माल एकच.

आता नकाशा बघा. तेव्हा हे वाळवंट तीन देशांत वाटलेलं होतं. उत्तरेचा तारापाका प्रांत पेरूचा. मधला आंतोफागास्ताचा किनारा बोलिव्हियाचा. हो, तेव्हा बोलिव्हियाला समुद्र होता. त्याच्या खाली चिली. गंमत अशी की बोलिव्हियाच्या भागात खणणारी मोठी कंपनी चिलीची होती, तिच्यात ब्रिटिश भांडवल होतं, आणि राबणारे मजूरही बहुतेक चिलीचेच. १८७४ च्या करारात बोलिव्हियाने कबूल केलं होतं की चिलीच्या कंपन्यांवर २५ वर्षं कर वाढवणार नाही. १८७८ मध्ये त्यांनी कर लावला. किती? एका क्विंटलला १० सेंट. तिथला क्विंटल म्हणजे साधारण ४६ किलो, आपल्या युरियाच्या पोत्याएवढा. पोत्यामागे १० सेंट!

कंपनीने कर भरायला नकार दिला. बोलिव्हियाने मालमत्तेचा लिलाव पुकारला. लिलावाची तारीख होती १४ फेब्रुवारी १८७९. त्याच दिवशी चिलीचे सैनिक आंतोफागास्ताच्या किनाऱ्यावर उतरले. बोलिव्हियाचा पेरूशी गुप्त तह होता, म्हणून पेरूही ओढला गेला. एप्रिलमध्ये चिलीने दोघांविरुद्ध युद्ध जाहीर केलं.

लढाईचं सविस्तर वर्णन मी करत नाही, कारण त्यातली शौर्यगाथा प्रत्येक देशाची वेगळी आहे. चिलीत आर्तुरो प्रात या नौदल अधिकाऱ्याचं नाव रस्त्यारस्त्यावर आहे. २१ मे १८७९ ला इकिके बंदरासमोर आपलं जुनं लाकडी जहाज बुडत असताना त्याने शत्रूच्या चिलखती जहाजावर उडी घेतली आणि मारला गेला. पेरूवाले त्याच लढाईतल्या आपल्या कप्तानाचं, मिगेल ग्राऊचं, नाव घेतात. तो कप्तान पुढे चारेक महिन्यांत लढाईत गेला, पण त्याआधी त्याने प्रातच्या विधवेला त्याच्या वस्तू आणि सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं. जानेवारी १८८१ मध्ये चिलीचं सैन्य पेरूच्या राजधानीत, लिमात शिरलं. १८८३ च्या तहाने तारापाका चिलीला गेला. बोलिव्हियाचा सगळा किनारा गेला.

बोलिव्हियाला आजही समुद्र नाही. पण नौदल आहे, ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांवर फिरतं. दरवर्षी २३ मार्चला तिथे समुद्राचा दिवस पाळतात. गमावलेल्या समुद्राचा. २०१८ मध्ये ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हरले, चिलीवर वाटाघाटींची सक्ती करता येणार नाही असा निकाल लागला. पोत्यामागचे १० सेंट अजून फिटलेले नाहीत.

युद्ध जिंकलं चिलीने, पण पैसा कुणी कमावला? पेरूने युद्धाआधी आपल्या नायट्रेट कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण करून मालकांना पैशाऐवजी रोखे दिले होते. युद्धात पेरू हरायला लागला तसे ते रोखे कवडीमोल झाले. इंग्लंडच्या लीड्सहून मेकॅनिक म्हणून आलेला जॉन थॉमस नॉर्थ याने ते गोळा केले, तेही बऱ्याच अंशी चिलीच्याच बँकेच्या पैशाने. पुढे चिली सरकारने ठरवलं की ज्याच्या हातात रोखा, त्याचा कारखाना. हा गडी 'नायट्रेटचा राजा' म्हणून लंडनच्या मेजवान्यांत मिरवायला लागला. १८८०च्या दशकाअखेर अध्यक्ष बाल्मासेदाने या परदेशी मक्तेदारीविरुद्ध बोलायला सुरुवात केली. १८९१ मध्ये त्याचं संसदेशी यादवी युद्ध झालं, तो हरला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या युद्धाची कारणं एकटं नायट्रेट नव्हतं, इतिहासकारांचा त्यावर वाद आहे. पण संसदेच्या बाजूने उभं राहिलेलं बंदर होतं इकिके. नायट्रेटच्या कराचा पैसा तिथेच जमा व्हायचा.

आता वाळवंटात जाऊ या. मला खरं तर इथपर्यंतच यायचं होतं.

नायट्रेटच्या कारखान्याला तिथे ओफिसिना म्हणायचे. म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे. खाण, कारखाना, मजुरांच्या चाळी, दुकान, नंतर नंतर नाटकगृहसुद्धा, असं सगळं एका कंपनीचं गाव. भोवती शेकडो मैल नुसतं वाळवंट. दिवसा अंग भाजतं आणि रात्री हाडं गोठतात. मजूर जमिनीत भोक पाडून सुरुंग लावायचे, कलीचे फोडायचे, खेचरांच्या गाड्यांतून न्यायचे. मग तो दगड भरडून मोठ्या टाक्यांत उकळायचा. जेम्स हंबरस्टोन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही उकळायची पद्धत सुधारली आणि कमी प्रतीचा दगडही परवडू लागला. टाक्यांवर झाकण नसायचं. वर काम करणारा माणूस घसरला तर उकळत्या खारट पाण्यात.

आणि पगार? पगार बऱ्याचदा पैशात नाही, फिचात. फिचा म्हणजे कंपनीचं टोकन. धातूचं किंवा रबरासारख्या कडक पदार्थाचं, त्यावर त्या ओफिसिनाचं नाव. ते चालायचं फक्त त्याच कंपनीच्या दुकानात, त्याला पुल्पेरिया म्हणायचे. पीठ, कपडा, दारू, साबण, सगळं तिथूनच, ते लावतील त्या भावात. फिचाचे रोख पैसे करायला गेलात तर त्यात कापून घ्यायचे. दुसऱ्या ओफिसिनात कामाला गेलात तर खिशातली टोकनं म्हणजे नुसत्या चकत्या.

हे वाचताना मला गोठ्यातलं ते पांढरं पोतं दिसत होतं. तुलना ताणायची नाही. काका कुणाच्या चाळीत राहत नाहीत, त्यांची जमीन त्यांची आहे. पण दुकान एकच असलं की दुकानदार ग्राहकाशी कसा बोलतो, ते मी तासगावात पाहून आलो होतो.

डिसेंबर १९०७. महागाई वाढलेली, चिलीच्या चलनाची किंमत घसरलेली. तारापाकातल्या मजुरांनी काम बंद केलं आणि बायकामुलांसह वाळवंट तुडवत इकिके बंदराकडे निघाले. हजारोंनी. त्यांच्या मागण्यांची यादी वाचण्यासारखी आहे. मजुरी ठरलेल्या दराने, १८ पेन्सच्या हिशेबाने मिळावी. फिचा पूर्ण किमतीत बदलून मिळावा. उकळत्या टाक्यांवर लोखंडी जाळ्या बसवाव्यात. कामगारांना रात्रीच्या शाळेसाठी जागा द्यावी. आणि एक मागणी अशी, की दुकानाच्या बाहेर एक तराजू ठेवावा. आत घेतलेला माल बाहेर येऊन वजन करून बघता यावा, म्हणून.

तराजू. एवढंच. मी दोनदा वाचलं.

शहरात त्यांना सान्ता मारिया नावाच्या शाळेत उतरवलं होतं. त्यात चिलीचे होते, पेरूचे होते, बोलिव्हियाचे होते, अर्जेंटिनाचेही होते. २८ वर्षांपूर्वी ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडत होते, ते आता एका शाळेच्या वर्गांत शेजारी शेजारी झोपत होते. कंपन्यांचं म्हणणं होतं, आधी कामावर परत या, मग बोलू. २१ डिसेंबरला दुपारी जनरल रोबेर्तो सिल्वा रेनार्द याने शाळा रिकामी करायचा हुकूम दिला. पेरू आणि बोलिव्हियाच्या वकिलातीची माणसं आपापल्या लोकांना बाहेर काढायला आली, पण ते साथीदारांना सोडून निघाले नाहीत. मग मशीनगन चालल्या.

किती मेले? सरकारी आकडा सव्वाशे-दीडशेच्या आसपास. कामगारांच्या आठवणीतला आकडा दोन हजारांच्या पुढे. नेमकी संख्या कुणीच लावू शकलेलं नाही, कारण प्रेतं सामुदायिक खड्ड्यांत पुरली. अनेक वर्षं यावर कुणी मोठ्याने बोललं नाही. १९७० मध्ये संगीतकार लुईस आद्वीसची गीतरचना किलापायून या गटाने गायली, आणि तिथून ही गोष्ट पुन्हा लोकांच्या तोंडी आली. ऐका कधीतरी. भाषा न कळता ऐकली तरी चालेल.

आता दुसरीकडे, इंग्लंडमध्ये. १८९८ साली ब्रिस्टलमध्ये विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने भाषण केलं होतं. त्याचा सांगावा असा : गहू खाणारी तोंडं वाढतायत, जमीन वाढत नाही, चिलीचं नायट्रेट काही दशकांत संपेल, आणि मग उपासमार. रसायनशास्त्रज्ञांनी हवेतलं नत्र बांधायला शिकलं पाहिजे. थोडक्यात, वाळवंटात जायचं नाही, डोक्यावरच्या हवेतूनच खत काढायचं.

ते काढलं फ्रिट्झ हाबरने, जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये. २ जुलै १९०९. बास्फ कंपनीचे लोक डेमो बघायला आले होते. आणि डेमोला जे होतं तेच झालं. ऐनवेळी जास्त दाबाच्या उपकरणाचा एक बोल्ट तुटला. कार्ल बॉश नावाचा कंपनीचा इंजिनिअर दुसरं काम होतं म्हणून निघून गेला. दुरुस्तीनंतर दुपारी उपकरण चाललं आणि थेंब थेंब अमोनिया गळायला लागला. हवेतलं नत्र, हायड्रोजन, प्रचंड दाब, साधारण ५००-६०० अंश उष्णता, आणि मधे ऑस्मियम नावाचा दुर्मीळ धातू.

हाबरवर खूप लिहिलं जातं. खताने जग जगवणारा, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायू सोडणारा, असा तो दुहेरी माणूस आहेच. पण मला, कोड लिहून पोट भरणाऱ्याला, बॉश जास्त जवळचा वाटतो. हाबरचं काम म्हणजे 'माझ्या मशीनवर चालतंय'. ते प्रॉडक्शनला न्यायची जबाबदारी बॉशवर आली. पहिला प्रश्न ऑस्मियमचा, जगात तो होताच किती? मिट्टाश नावाच्या सहकाऱ्याने हजारो मिश्रणं तपासली आणि शेवटी साधं लोखंड, थोड्या भेसळीसह, कामाला आलं. दुसरा प्रश्न भट्टीचा. पोलादाची जाडजूड नळी सुमारे ८० तासांत फुटायची. का? तर तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खायचा आणि पोलाद ठिसूळ व्हायचं. बॉशने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली. आतून झिरपलेला हायड्रोजन भोकांतून बाहेर जाऊ दे, पोलादाला त्रास नको. गळती थांबवता येत नाही ना, मग तिला वाट काढून द्या. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

त्याच वर्षी चिलीतून २५ लाख टनांहून जास्त नायट्रेट जहाजांवर चढलं. सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग त्याच्या निर्यात करातून यायचा. ओपाऊची बातमी वाळवंटातल्या सुरुंगवाल्यापर्यंत पोचली असेल असं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी महायुद्ध. ब्रिटिशांनी समुद्र अडवला, जर्मनीला चिलीचा माल बंद झाला. नायट्रेट नाही म्हणजे खत नाही आणि बारूदही नाही. बॉशने सरकारला शब्द दिला की अमोनियापासून नायट्रिक आम्ल कारखान्याच्या प्रमाणात काढून दाखवतो, आणि १९१५ च्या मे महिन्यात ते निघू लागलं. म्हणजे शेतासाठी शोधलेली वाट आधी तोफेकडेच गेली. बिहारच्या सोऱ्यासारखीच. आणि खत असलं म्हणून ते गरीब नसतं, हे ओपाऊलाच कळलं. २१ सप्टेंबर १९२१. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटच्या मिश्र खताचा ढीग साठून दगडासारखा झाला होता. तो फोडायला छोटे सुरुंग लावायची तिथली रोजची रीत. हजारो वेळा केलेलं काम. त्या सकाळी ढीगच फुटला. पाचशेच्या वर माणसं गेली.

चिलीला युद्धाच्या काळात पुन्हा एकदा बरे दिवस आले, दोस्तांना दारूगोळा हवा होता. मग युद्ध संपलं, हवेतून खत काढायची युक्ती देशोदेशी पसरली आणि १९३० च्या मंदीने उरलंसुरलं संपवलं. ओफिसिना एकामागून एक बंद पडल्या. हजारो कुटुंबं दक्षिणेकडे, सान्तियागोच्या निवाऱ्यांत येऊन पडली. त्यांच्या हाताला जे काम येत होतं, ते जगाला आता फारसं नको होतं. माझ्या पिढीच्या ऑफिसांत अलीकडे या विषयावर जेवणाच्या सुट्टीत बरंच बोलणं चालतं, म्हणून हा परिच्छेद मी रेकॉर्ड करताना जरा घाईत वाचला. क्षमस्व.

हंबरस्टोनच्या नावाची ओफिसिना १९६० मध्ये बंद झाली. ती आणि शेजारची सान्ता लाउरा २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. चाकाबूको नावाची दुसरी रिकामी ओफिसिना १९७३ च्या लष्करी उठावानंतर राजकीय कैद्यांची छावणी म्हणून वापरली. भोवती वाळवंट, पळून जाणार कुठे? जागा तयारच होती.

आणि नायट्रेट संपलं का? क्रुक्स म्हणाला तसं संपलं नाही. आटाकामात आजही खणतात. पोटॅशियम नायट्रेट विकणाऱ्यांत चिली आजही जगात आघाडीवर आहे. तेच ते, तेरा-शून्य-पंचेचाळीस. आपल्याकडचं बाकी नत्र मात्र बॉशच्या वाटेने येतं, भट्टीतून. ट्रॉम्बेचा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, आणि 'सुफला'ची पिशवी माहीत नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळा. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न या कृत्रिम नत्रावर उगवतं असा अंदाज आहे. तुमच्या-माझ्या स्नायूंतल्या नत्राचा मोठा वाटा कुठल्या तरी भट्टीतून आलाय. त्यामुळे 'रासायनिक खत म्हणजे विष' असं कुणी एका वाक्यात म्हटलं की मी गप्प बसतो. मग विचारतो, बाकीच्या निम्म्यांनी काय खायचं?

पण दुसरी बाजूही घरातच निघाली. आर.ओ. बसवायच्या आधी आम्ही विहिरीचं पाणी तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको असं भारतीय मानक सांगतं, विशेषतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते बाधतं, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. आमचं पाणी त्या रेषेच्या वर निघालं. कारण मघाचंच, नायट्रेट विरघळतं. मातीच्या कणांना ते चिकटून राहत नाही, पाट सोडून पाणी दिलं की मुळांच्या खाली उतरतं आणि विहिरीत जातं. आटाकामात पाऊस नाही म्हणून ते टिकलं. तासगावात आम्ही वर पाणी सोडतो.

वहिनीला सातवा महिना होता. तिच्यासाठी आर.ओ. लगेच बसवलं. युरियाचं मात्र काकांशी दोन दिवस चाललं. मी म्हणालो, एकदम चार पोती टाकू नका, हप्त्या-हप्त्याने द्या, ठिबकातून द्या. काका म्हणाले, "तुझं खरं असंल. पण रांगेत उभं राहून आज मिळालंय. पुढच्या हप्त्याला मिळंल याची हमी तुझा पॉडकास्ट देणार हाय का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी तीन पोती टाकली, एक राखून ठेवलं.

दिवाळीला गेलो तेव्हा अंगणात बसून त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. फोनवर हंबरस्टोनचे फोटो दाखवले. गंजलेले पत्रे, रिकामं नाटकगृह, लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव. काकांनी बोटांनी फोटो मोठा करून नीट पाहिला.

"मग तिथली माणसं कुठं गेली?"

मी सांगितलं, शहराकडं. काही उपाशी, काही दुसऱ्या खाणींत.

"आणि ते दुकान?"

दुकान अजून उभं आहे म्हटलं. पुल्पेरियाची इमारत जपून ठेवलीय, तिकीट काढून बघता येते.

"म्हंजे दुकान ऱ्हायलंच म्हण की," काका म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून गोठ्याकडे गेले. शेजारच्या बागायतदाराने ते पांढरं पोतं निम्म्या किमतीत घ्यायचं कबूल केलं होतं. त्याची फळछाटणी झाली होती. न्यायला तो त्याच संध्याकाळी येणार होता, आणि काकांना आधी ते वजन करून ठेवायचं होतं.

तर मंडळी, या भागात इतकंच. ग्वानोच्या बेटांवर पुढच्या महिन्यात बोलू. तोवर कुणाच्या घरी फिचासारखं जुनं टोकन असेल, गिरणीचं, मळ्याचं, कुठल्याही कारखान्याचं, तर फोटो नक्की पाठवा.